सुयांखाली गप्प

माझे गुडघे फरशीनं खाल्ले. फरशी लावणारा मिस्त्री उभ्यानं काम करत नाही आणि खुर्चीवर बसूनही करत नाही. उकिडवा बसतो, गुडघ्यांवर रांगतो, आणि फरशी लावत लावत मागे सरकत खोलीच्या दारातून बाहेर पडतो. मी जन्मभर असाच मागे सरकत आलो. शाळा म्हणाल तर दुसरीतच सुटली. सही करता येते, बसची पाटी वाचता येते, बाकी काही अडलं नाही. अर्ध्या नागपुरात लोक माझ्या फरशीवर पाय पसरून निजतात, आणि त्यांना मिस्त्रीचा चेहराही आठवत नाही. न आठवो.

लोकांना वाटतं, म्हाताऱ्याचे गुडघे गेले तर त्यात काय मोठं, साऱ्यांचेच जातात. साऱ्यांचे जात असतील. माझ्या गुडघ्यांवर माझी जागा होती.

आमची वस्ती नंदनवनच्या मागच्या अंगाला. तिथल्या विहारात रविवारी आणि पौर्णिमेला वंदना होते. एक जण समोर बुद्धाच्या मूर्तीजवळ चटईवर बसतो, एकेक ओळ म्हणतो, आणि मागे बसलेली वस्ती ती ओळ उचलते. ती समोरची जागा माझी. माझ्या आधी माझ्या बापाची होती. दीक्षेच्या वेळी मी बापाच्या खांद्यावर होतो. त्यानंतर त्यानं जे ऐकून ऐकून पाठ केलं, तेच मला ऐकवून ऐकवून पाठ करवलं. पुस्तक आम्हा दोघांच्याही हातात कधी नव्हतं. समोरच्या माणसाला आधी गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावावं लागतं, मग मांडी घालून सगळं म्हणावं लागतं, आणि शेवटी पुन्हा गुडघ्यांवर. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी मागच्या भिंतीला प्लास्टिकच्या खुर्च्या लावल्या आहेत. त्यांना मी खुर्चीवाले म्हणायचो. "सरणावर टेकाचंच आहे, तोवर तरी खाली बसा," असं तोंडावर म्हणायचो.

त्या खुर्चीवाल्यांत माझा साळा होता, बायकोचा धाकटा भाऊ. सरकारी कचेरीत बाबू होता, आता पेन्शन खातो. पुस्तकं वाचतो, चष्मा दोरीनं गळ्यात लटकवतो. समोरच्या जागेची त्याची हाव जुनी. मागे एकदा त्यानं विहाराच्या समितीत विषय काढला, की समोर खुर्ची ठेवली तर काय बिघडतं, मी पुस्तक पाहून म्हणेन, उच्चारही शुद्ध होतील. मी उभा राहिलो आणि सांगितलं, "ज्याले खाली बसता येत नाई त्यानं समोर बसू नये. वस्ती जमिनीवर आन् साहेब खुर्चीवर, हे चालणार नाई." सगळ्यांनी माना हलवल्या. नियम झाला. त्या दिवशी साळा माझ्या घरून न जेवता गेला. बायकोनं कितीतरी दिवस मला बिनमिठाचं वाढलं. मी खाल्लं. मीठ मागितलं नाही.

नियम चांगला होता. आजही चांगला आहे.

मग माझे गुडघे गेले. आधी जिना चढताना कुरकुरले, मग सकाळी खाटेवरून उतरताना. मी कोणाला सांगितलं नाही. पण माघ पौर्णिमेला कपाळ टेकून उठताना डावा गुडघा उठेचना. मी मूर्तीच्या कट्ट्याची कड धरली आणि त्यावरची मेणबत्ती खाली आली. मागून साळ्याचा आवाज आला, गुळाचा पाक असावा तसा, "सांभाळून, भाऊजी."

वंदना झाल्यावर समितीचा अध्यक्ष जवळ आला. माझ्या पोरापेक्षा लहान आहे, मोबाईलचं दुकान चालवतो. म्हणाला, "आजोबा, वैशाख पौर्णिमेले लय लोकं येतात. बाहेरून भंतेजी येऊन राहिले. तोपर्यंत बरं वाटलं तर उत्तमच. नाईतर..."

"नाईतर काय?"

"नाईतर नियम तुमचाच आहे न, आजोबा."

हाडांच्या डॉक्टरनं फोटो उजेडात धरला आणि म्हणाला, आतली गादी झिजली, आता हाडावर हाड घासतं, वाटी बदलून टाका. मी विचारलं, बदलल्यावर मांडी घालता येईल? गुडघ्यावर बसता येईल? तो म्हणाला, "आजोबा, ते आता विसरा. चालाल मस्त." मी चप्पल घातली आणि निघालो. चालायचं कोणाला होतं?

उपाय आणला तो बायकोनं. भाकरी थापता थापता म्हणाली, "माह्या भावाचे गुडघे आता वाकून राहिले. मनीषनगरात कोणी डॉक्टरीण आहे, सुया टोचते. परवा तो माह्या समोर पाटावर बसून जेवला."

"त्याले टोचलंच पाहिजे."

"त्याचे वाकले, कारण तो वाकते. तुमचे गुडघे कसे वाकतीन? तुमची मानच वाकत नाई."

मी ताट सरकवलं. पण वैशाख जवळ येत होता. साळ्याला पाटावर बसता येतं म्हणजे तो उद्या चटईवरही बसेल, आणि मग माझाच नियम त्याला समोर नेऊन बसवेल. पोराला म्हटलं, काढ स्कूटर.

दवाखाना एका मोठ्या इमारतीच्या खालच्या मजल्यावर होता. आत ओळीनं खाटा, खाटांच्या मधे हिरवे पडदे. डॉक्टरीण नातीच्या वयाची, पण बोलणं साफ. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, झिजलेली गादी काही परत येणार नाही. ते खोटं मी सांगणार नाही. दुखणं मात्र कमी होऊ शकतं. सगळ्यांचंच होतं असंही नाही. यात एक काम माझं आहे आणि एक तुमचं. सुई जागेवर गेली की आत जड वाटतं, ठणकतं, मुंग्या येतात. तसं वाटलं की लगेच सांगायचं. तुम्ही सांगाल तिथे मी थांबणार. आणि दर वेळी सांगायचं, शून्य ते दहामध्ये दुखणं किती. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही."

मला उताणं झोपवलं, पायजमा मांडीपर्यंत वर केला, गुडघ्याखाली उशी. माझ्या उघड्या पायांकडे परकी बाई पाहते आहे, हेच मला पुष्कळ होतं. तेवढ्यात बाजूच्या पडद्याआडून आवाज आला.

"आई वं! बाई, जरा हळू. हां, आलं. जड आलं. लय जड आलं. थांबा, थांबा."

साळा. बायकोनं मुद्दाम त्याच्याच वेळेवर पाठवलं होतं, की येताना तरी दोघं बोलत येतील.

"काय गा," मी पडद्याला म्हटलं, "बाळंत होऊन राहिला का?"

पलीकडच्या खाटांवरून दोन-तीन माणसं हसली. मग साळा म्हणाला, "आता तुमची पाळी, भाऊजी. आमी ऐकून राहिलो."

झालं. त्या एका वाक्यानंतर मी तोंड उघडणं शक्य नव्हतं. पहिली सुई वाटीच्या बाजूच्या खळग्यात गेली. केसाएवढी सुई, टोचल्याचं कळलंही नाही. पण तिनं ती दोन बोटांत धरून फिरवली तेव्हा आत, हाडाच्या मागे, काहीतरी धरून पिळल्यासारखं झालं. "जड वाटतं का, काका?" मी म्हटलं, "काई नाई." तिनं आणखी आत घातली. "आता?" "काई नाई." मग गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला, मग पोटरीत, मग पायाच्या बोटांच्या मधे. शेवटी सुयांना बारीक चिमटे लावले, वायरी एका डबीला जोडल्या आणि डबीचं बटण फिरवू लागली. "टकटक जाणवेल. सोसवेल तिथे सांगा." माझी पोटरी तोडलेल्या बोकडाच्या मांडीसारखी उडत होती, तिलाही ते दिसत होतं. ती म्हणाली, "काका, पाय तर चांगला उडतोय." मी म्हटलं, "उडू द्या. त्याले सवय आहे." तिनं बटण पुढे सरकवलं.

समोरच्या भिंतीच्या टाईल्सचे सांधे जुळत नव्हते. ज्या कोणी त्या लावल्या त्याला मी मनातल्या मनात त्याच्या आईबहिणीवरून शिव्या देत राहिलो. तोंड मिटून ठेवायला त्याचा उपयोग झाला.

नंतर तिनं आकडा विचारला. साळा पडद्याआडून आधीच ओरडून मोकळा झाला होता, "माझं आठ लिहा, बाई! खाली उतरताना तर नऊ!" मी म्हटलं, "दोन. तेही तुमच्या समाधानासाठी."

असं चाललं. मी जायचो, साळा यायचा, मधे हिरवा पडदा. तो विव्हळायचा, मी त्याची टिंगल करायचो. "कचेरीतल्या खुर्चीनं पोसलेले गुडघे आहेत तुहे, म्हणून रडतेत. माहे गुडघे दगडावर वाढले." तो उलट बोलायचा नाही. नुसता म्हणायचा, "हौ न, भाऊजी. तुमची गोष्टच निराळी." त्याचा आठ सातावर आला, मग पाचावर. माझा दोन होता तो एक झाला. आणि एक दिवस, साळा पलीकडे उठून उभा राहताना "वा, आज तर मोकळं वाटून राहिलं" म्हणाला, तेव्हा मी म्हटलं, "बाई, माझं शून्य लिहा."

खोटं कशाला सांगू, सुया काहीतरी करत होत्या. कुशीवर वळताना आधी जो जीव जायचा तो तेवढा जात नव्हता. माझं जे खरं आठ होतं ते सात झालं असेल, साडेसहा असेल. पण मी तर तिला शून्य सांगितलं होतं.

ती खूश झाली. म्हणाली, बसून दाखवा. मी दात आवळून उकिडवा बसलो, आणि खाटेच्या दांड्याला हात न लावता उठलो. डोळ्यांपुढे अंधारी आली, पण उठलो. ती म्हणाली, "काका, कमाल आहे. मग तुम्हाला मी उगाच टोचत नाही. बाहेर बाकावर लोक थांबलेत, तुमची वेळ त्यांना देते. घरी व्यायाम करा, चालत राहा." मी पडद्याकडे पाहिलं. पलीकडे कान लावून बसलेला माणूस मला कापडातून दिसत होता.

"द्या," मी म्हटलं.

घरी बायकोला फसवणं जमलं नाही. तिला माझ्या चालीचा आवाज ठाऊक आहे. ती तेल कोमट करून आली आणि पायाशी बसली. सुयांच्या जागी निळे डाग होते, ते तिनं पाहिले. "शून्य काहून सांगतलं तुमी?" मी पायजमा खाली ओढला. "उद्या मी सोताच जाऊन त्या बाईले खरं सांगीन."

"सांगून तर पाह्य. मंग या घरात तुह्या भावाचं नाव निघणार नाई आन् तुहं पाऊल दिसणार नाई."

तिनं तेलाची वाटी माझ्या पायाशी ठेवली आणि उठली. "तुमचे गुडघे आहेत. तुमीच चोळा." मी स्वतःहून तेलाला हात लावणार नाही हे तिला माहीत होतं. वाटी सकाळपर्यंत तिथेच पडून होती.

वैशाख पौर्णिमेला विहार भरून बाहेर मांडव घातला होता. भोंगे लावले होते. भंतेजी आसनावर बसले होते. मी पांढरा सदरा घालून आत गेलो तेव्हा अध्यक्षानं विचारलं, "आजोबा, जमेल न?" मी म्हटलं, "डॉक्टरनं शून्य लिहिलं आहे. वाचता येत असन तर पाह्य." तो बाजूला झाला. साळा त्या दिवशी मागे खुर्चीवर नव्हता. पहिल्या ओळीत, माझ्या पाठीमागे, चटईवर मांडी घालून बसला होता.

मी गुडघे टेकले. टेकताना कड्‌ असा आवाज झाला आणि माइकनं तो साऱ्या वस्तीला ऐकवला. कपाळ टेकलं, वर आलो, मांडी घातली. म्हणायला लागलो. त्रिसरण झालं, पंचशील झालं. वस्ती माझ्या मागे ओळ उचलत होती. माझ्या आवाजात काही फरक नव्हता, हे कोणालाही विचारा. घाम मानेवरून पाठीत उतरत होता आणि मांडीखाली पाय माझा राहिला नव्हता. पुढचं सगळं म्हटलं. शेवटी पुन्हा गुडघ्यांवर यायचं होतं. मी हात टेकून वर झालो, उजवा गुडघा टेकला, डावा टेकला, आणि डावा आतल्या आत घसरला. जसं सिमेंटच्या ओल्या मालावरून फरशी सरकते तसा. मी कुशीवर पडलो. ओळ अर्धी माझ्या तोंडात होती.

उरलेली अर्धी साळ्यानं म्हटली. एक शब्द चुकला नाही, मधे श्वासाएवढीही जागा गेली नाही. वस्तीनं उचलली. लोकांना वाटलं असेल, ठरलेलंच आहे. मी मूर्तीसमोर आडवा पडलो होतो आणि माझ्या डोक्यावरून वंदना चालली होती. अध्यक्षानं आणि आणखी एकानं मला बगलेतून उचलून मागे नेलं. खुर्चीवर ठेवलं. मी उठायला गेलो तर मागच्या एका म्हाताऱ्यानं खांदा दाबला, "बसा बाप्पा, बसा. आपलीच जागा समजा." हसला. मी त्याला कितीदा काय काय बोललो होतो. हसू दे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साळा घरी आला. मी खाटेवर होतो, गुडघा सुजून दुधीएवढा झालेला. तो चपला बाहेर काढून आला आणि जमिनीवर बसला, सरळ मांडी घालून. बायकोनं चहा ठेवला होता.

"भाऊजी, डॉक्टरणीशी बोललो. ती म्हणते पुन्हा सुरू करू, फक्त यावेळी खरं सांगा म्हणावं."

"तिले कोणी सांगतलं, मी खोटं सांगतलं म्हणून?"

"आता मी सांगतलं." चष्मा पुसत तो म्हणाला. "मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पडद्याआड तुमचा श्वास ऐकू येत होता. सुई फिरली की तुमी श्वास धरत होते, आन् ती गेली की सोडत होते. म्हशीसारखा."

"मंग तवाच काहून नाई बोलला?"

त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. "काहून बोलू? मले समोर बसाचं होतं."

इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याशी एवढं खरं बोलला नव्हता. मला राग आला नाही. राग नंतर आला, तो गेल्यावर, आणि अजून आहे. सारा जन्म त्याला मऊ समजत होतो.

"मी आता समितीत बोलतो," तो म्हणाला. "नियम काढून टाकू. तुमी समोर खुर्चीवर बसून म्हणा. मी बाजूले बसतो. भूक भागली माही. एक पौर्णिमा पुरे."

"तुही उष्टी जागा मले पायजे का?"

"भाऊजी..."

"तू जिंकला तर बस तिथं. मरेस्तोवर बस. पण माह्यावर दया करून उठला, तर लोकाईले सांगीन का याले बसता येत नाई म्हणून उठला."

तो उठला. हात न टेकता उठला, ते मी पाहिलं. बायको आतून चहाचे दोन कप घेऊन येत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती उंबऱ्यातच थांबली, एकदा भावाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग दोन्ही कप घेऊन मागे वळली आणि मोरीत ओतले. "दोघंही शिळे," म्हणाली.

मी त्या दवाखान्यात पुन्हा गेलो नाही. पोरानं दोनदा स्कूटर काढली, दोनदा परत लावली. आकडा कोणी विचारत नाही, मी सांगत नाही. साळा समोर बसतो. पुस्तक पाहून म्हणतो. लोक म्हणतात, चांगलं म्हणतो. भोंग्यावरून मलाही ऐकू येतं, कान काही झिजले नाहीत.

पहिल्या रविवारी बायकोनं पांढरं पातळ नेसलं आणि विचारलं, "येता का?" मी भिंतीकडे तोंड केलं. पुढच्या रविवारीही विचारलं. आषाढ पौर्णिमेलाही विचारलं. आता विचारत नाही. वेणी घालते, पदर सारखा करते, आणि जाताना दार बाहेरून ओढून कडी लावून घेते. मला दाराशी उठून यावं लागू नये म्हणून, असं तिचं म्हणणं आहे.

परत आली की कडी काढते.